मुभा असलेल्या कामांची यादी

मार्च २०२० च्या अखेरीस करोनाची टाळेबंदी लागली, आणि मला पहिला प्रश्न आला तो दळणाचा. पुण्यातल्या आमच्या सोसायटीची मी तेव्हा सेक्रेटरी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी इंटरकॉमवरून विचारलं, "अगं, गिरणीत जाता येतं का? गहू आहेत घरात, पीठ संपलंय." मी केंद्रीय गृहमंत्रालयाचा २४ मार्चचा आदेश फोनवर उघडला. रेशनचं दुकान, किराणा, फळं, भाजी, दूध, मांस-मासळी, जनावरांचा चारा, औषधं, बँका, एटीएम, पेट्रोल पंप, वर्तमानपत्रं. सगळं होतं. पिठाची गिरणी नव्हती. महाराष्ट्र सरकारचा आदेश पाहिला, त्यातही मला सापडली नाही. वाण्याकडे पिशवीतलं पीठ मिळत होतं, म्हणून त्या दिवशीचं भागलं. पण ज्या शहरात घरोघरी आठवड्याचं दळण जातं, त्या शहराला लागू होणाऱ्या यादीत गिरणी राहून जाते, हे मनाला लागलं.

त्यानंतर बराच काळ मी सोसायटीत आदेश वाचून दाखवणारी बाई झाले. केंद्राचा आदेश, राज्याचा आदेश, महापालिका आयुक्तांचा आदेश, पोलीस सहआयुक्तांचा आदेश, मग शुद्धिपत्रक. सगळे व्हॉट्सअॅपवर यायचे, पुष्कळदा आडवे-तिरपे स्कॅन केलेले, इंग्रजीत. आमच्या इमारतीत निम्मी माणसं साठीच्या पुढची, एकेकटी राहणारी. त्यांना कलमं नको असायची. त्यांना एवढंच कळायला हवं असायचं की मी आज खाली उतरू का, आणि उतरले तर कुठवर जाऊ.

तोवर आयुष्यभर आपण उलट्या बाजूने जगलो होतो. कायद्याने जे करू नका म्हटलं ते सोडून बाकी सगळं करायला आपण मोकळे असतो, आणि ते मोकळेपण इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याकडे लक्षही जात नाही. कुणी कधी विचारतं का, मी चष्म्याची काडी बसवून आणायला जाऊ शकते का? २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ तारखेला राज्यात संचारबंदी आली, आणि २५ तारखेला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. तेव्हापासून यादीत जे आहे तेवढंच करायचं, बाकी सगळं बंद. नियम असा उलटला की माणसाची प्रत्येक बारीकसारीक गरज कुणीतरी आधी आठवून, मोजून, लिहून ठेवलेली असावी लागते. जी आठवली नाही ती गुन्हा ठरते. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १८८, सरकारी आदेश मोडणाऱ्याला शिक्षा देणारं, तिथेच उभं असायचं.

हे बंद करण्याचे अधिकार आले दोन कायद्यांतून. एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसरा १८९७ चा साथरोग कायदा, ज्याचं पुण्याशी फार जुनं आणि कडू नातं आहे. मुंबईत मांडवीला प्लेग निघाला १८९६ मध्ये. तो ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. पुढच्या फेब्रुवारीत घाईने हा कायदा झाला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करता येतील, आणि मोडणाऱ्याला १८८ खाली शिक्षा होईल, एवढाच त्याचा गाभा. त्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या हुकमतीखाली गोरे शिपाई स्वयंपाकघरापर्यंत आणि देवघरापर्यंत घुसले, माणसांना उचलून छावण्यांत नेलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच साथीत, त्या वर्षीच्या १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या होत्या. त्या कायद्याला माणसाच्या रोजच्या जगण्याबद्दल विचारायची सवय जन्मापासूनच नव्हती. सव्वाशे वर्षांनी आपण तोच काढला. २०२० चं सरकार रँडचं नव्हतं, आणि टाळेबंदीच नको होती असंही मी म्हणत नाही. आजार खरा होता. माझ्या ओळखीची माणसं त्यात गेली. मी बोलते आहे ते यादीबद्दल.

यादी वाढत गेली. ती कशी वाढली हे बारकाईने पाहिलं की एक गोष्ट दिसते. २१ एप्रिलला गृहमंत्रालयाने स्पष्टीकरण काढलं: शहरी भागातल्या ब्रेडच्या कारखान्यांना, दूध प्रक्रियेला, पिठाच्या आणि डाळीच्या गिरण्यांना मुभा आहे. घरी असलेल्या वृद्धांची काळजी घेणारे परिचारक येऊ शकतात. प्रीपेड मोबाइलचं रिचार्ज करून देणारी दुकानं चालू राहू शकतात. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची दुकानं उघडू शकतात. विजेच्या पंख्यांचीही. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. पंखे! एप्रिलचा तिसरा आठवडा, पत्र्याच्या घरात बसलेलं कुटुंब, आणि बंद पडलेला पंखा. कुणीतरी कुठल्यातरी हेल्पलाइनला फोन केला असणार, कुणा नगरसेवकाला गाठलं असणार, कुणा कलेक्टरने वर विचारलं असणार, राज्याने केंद्राला पत्र लिहिलं असणार. मग ती ओळ उमटली. अंथरुणाला खिळलेल्या आईला कूस बदलायला मदत लागते आणि ती मदत करणारा माणूस बसस्टॉपवर अडवला जातो, हे चार आठवड्यांनी कागदाला कळलं. यादीतली प्रत्येक नवी ओळ म्हणजे कुणीतरी धीर करून विचारलेला प्रश्न होता.

आमच्या आजींचा प्रश्न विचारायला मी होते. कॉलनीत माजी नगरसेवक होते, कुणाचा भाचा मंत्रालयात होता. आमचे प्रश्न वरपर्यंत जायचे. ज्यांचे जात नव्हते त्यांच्याकडे येते, पण त्याआधी चालण्याबद्दल लिहायचं आहे.

पुणेकराला टेकडी लागते. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या. मधुमेहाच्या गोळीइतकाच सकाळच्या फेरीचा आधार असलेली शेकडो माणसं या शहरात आहेत. फिरणं यादीत नव्हतं. सकाळी फिरायला निघालेल्यांवर गुन्हे दाखल झाले, काहींना रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या, आणि त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. सत्तरीचा माणूस कान धरून रस्त्यात उभा आहे, हे पाहून माझ्या पोटात तुटलं होतं. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. तिच्याकडे आमच्याही आधी, १६ मार्चला, सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या सहा काउंटींनी मिळून घरी राहण्याचा आदेश काढला होता. १७ तारखेच्या मध्यरात्रीपासून तो लागू झाला. अमेरिकेतला तसा पहिलाच. एकदा फोनवर तिने तो मला वाचून दाखवला. त्यातली रचना मला नवी होती. आधी हे सांगितलेलं की कुठल्या कामांसाठी घराबाहेर पडता येईल: औषधपाणी, खाण्यापिण्याचं सामान, अत्यावश्यक नोकरी. आणि त्याच यादीत, तितक्याच महत्त्वाने: सहा फुटांचं अंतर ठेवून चालणं, धावणं, डोंगर चढणं. शिवाय दुसऱ्या घरी राहणाऱ्या नातेवाइकाची किंवा पाळीव प्राण्याची काळजी घेणं. पुढे मार्चअखेर त्यांनीही मुलांची मैदानं बंद केली, लांब गाडीने जाऊन फिरायला मनाई केली. पण घरापासून पायी फिरणं काढलं नाही.

आणखी एक कलम तिने वाचलं. ज्यांना घर नाही त्यांना हे बंधन लागू नाही; त्यांनी निवारा मिळवावा, आणि सरकारी यंत्रणांनी तो लवकरात लवकर उपलब्ध करून द्यावा, असा आग्रह. तिथे बेघरांचं पुढे किती भलं झालं हा निराळा विषय आहे. पण घरी राहा असं सांगताना घर नसलेला माणूस लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आला होता, एवढं त्या ओळीतून कळतं.

यावर लगेच उत्तर येतं की सनीव्हेलची गल्ली आणि भवानी पेठेतली गल्ली एक नव्हे. खरंच आहे. तिथे रस्त्यावर माणूस दिसत नाही, इथे बोळात दोघं समोरासमोर आले तर एकाला भिंतीला टेकावं लागतं. पण मग त्या बोळातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांनी चोवीस तास बसावं, हे तरी कुणी मोजलं होतं? ताडीवाला रोडच्या वस्तीत, धारावीत, असंख्य घरांना स्वतःचा संडास नाही. सकाळी उठून सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभं राहावंच लागतं. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला, आणि तिथे पालिकेला ती शौचालयं पुन्हा पुन्हा निर्जंतुक करत राहावं लागलं, कारण तिथे 'घर' घराबाहेर पसरलेलं असतं. बाहेर पडण्याच्या मान्य कारणांमध्ये ही रांग मी कुठल्याच आदेशात वाचली नाही. ती गृहीत धरली गेली म्हणावं, तर फिरणं का नाही धरलं?

दारूच्या दुकानांना ४ मेपासून मुभा मिळाली. चालायला, धावायला, सायकल चालवायला राज्याने ३ जूनपासून परवानगी दिली, 'मिशन बिगिन अगेन'च्या पहिल्या टप्प्यात: पहाटे ५ ते संध्याकाळी ७, समुद्रकिनारे, मैदानं, बागा, लहान मुलांसोबत मोठं माणूस हवं. दारूला महिनाभर आधी का, याचं उत्तर महसुलात आहे आणि सरकारची तिजोरी तेव्हा रिकामी होत होती हेही खरं. पण मधल्या महिन्यात मी आमच्या आजींना गच्चीत फेऱ्या मारताना बघत होते. गच्ची आमच्याकडे होती. मग जूनच्या शेवटी मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच राहा असं सांगितलं, हजारो गाड्या जप्त झाल्या, आणि थोड्याच दिवसांत ती अट मागे घ्यावी लागली. कुणाचा डॉक्टर दोन किलोमीटरच्या आत असतो आणि कुणाचा नसतो, हे अट घालण्याआधी विचारता आलं असतं.

आता ज्यांचे प्रश्न वर गेले नाहीत त्यांच्याबद्दल. कामावर आलेली, रोजावर जगणारी, परगावची माणसं. त्यांना करायचं होतं ते एकच काम: घरी जायचं. 'घरी राहा' या आदेशात घरी जाण्याला जागा नव्हती. २९ मार्चला केंद्राने उलट राज्यांच्या सीमा बंद करा, माणसं आहेत तिथे थांबवा असं सांगितलं, आणि घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये असंही. भाड्याची ओळ चांगलीच होती. पण पगार थांबलेला, खानावळ बंद, आणि गावाकडे म्हातारी आई. १४ एप्रिलला वांद्र्याला स्टेशनबाहेर जमलेली गर्दी आठवते? त्यांना गर्दी म्हणून पांगवलं. अडकलेल्यांच्या प्रवासाला परवानगी देणारा आदेश निघाला २९ एप्रिलला, श्रमिक गाड्या १ मेपासून. टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा पाच आठवडे उलटले होते. तोवर लोक चालायला लागले होते. नाशिकचा घाट, मुंबई-आग्रा रस्ता, डोक्यावर बोचकं, कडेवर मूल.

८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. भुसावळकडे निघाले होते, तिथून गाडी मिळेल म्हणून. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून रूळ धरले. तेव्हाच्या बातम्यांत त्यांच्यातल्या बचावलेल्यांचं म्हणणं आलं होतं की पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. रुळांवर पसरलेल्या चपात्यांचा तो फोटो मला विसरता येत नाही आणि विसरूही नये. त्या सोळा जणांचा प्रश्न गिरणीच्या प्रश्नाइतकाच साधा होता. आम्हाला जाता येईल का? तो घेऊन जायला त्यांच्याकडे सेक्रेटरीबाई नव्हती, आणि पोर्टल गप्प होतं. नंतर एसटीने अशा लोकांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडलं. त्या गाड्या चालवणाऱ्या चालक-वाहकांबद्दल मला फार आदर आहे. पण गाड्या मार्चमध्येही डेपोत उभ्याच होत्या.

आदेश वरून खाली येताना आकसतो, हे मी गेटवर शिकले. केंद्राने मुभा दिली तर राज्य थोडी कापतं, महापालिका आणखी थोडी, पोलीस चौकी त्याहून, आणि शेवटी सोसायटीचं गेट. मे महिन्याच्या सुरुवातीला गृहमंत्रालयाला विचारलं गेलं की घरकामाच्या बायकांना येता येईल का. उत्तर आलं, ते रहिवाशांच्या संघटनेने ठरवावं आणि जबाबदारी बोलावणाऱ्याची. म्हणजे ज्या मावशींच्या पोटापाण्याचा प्रश्न, त्यांना सोडून सगळ्यांना मत. आमच्या कमिटीच्या झूम मीटिंगमध्ये यावर तास गेला. कोण कुठल्या वस्तीत राहतं याची चर्चा झाली. वस्तीत साथ जास्त, असं एकाने म्हटलं. परदेशातून विमानाने कोण आलं होतं, असं दुसऱ्याने विचारलं. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यातलंच एक दांपत्य होतं, दुबईहून परतलेलं, ९ मार्चला निदान झालेलं. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. आजार कुणालाही होतो. पण तो वस्तीतून इमारतीत शिरला असं गृहीत धरून आम्ही गेट बंद ठेवावं, यालाही काही आधार नव्हता.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी गेटपर्यंत येऊन परत गेल्या, त्या दिवशी वॉचमनने त्यांना कमिटीचा ठराव दाखवला. त्या वॉचमनलाही तो इंग्रजी ठराव वाचता येत नव्हता. तो स्वतः दुसऱ्या वस्तीतून रोज येत होता, त्याच्या येण्याला कुणाची हरकत नव्हती, कारण तो नसता तर गेट कुणी सांभाळलं असतं? अनेक सोसायट्यांनी सरकारपेक्षा कडक नियम केले, आणि मग सरकारलाच सांगावं लागलं की सोसायट्यांनी आपले वेगळे नियम करू नयेत. मावशींना काही घरांनी पगार चालू ठेवला, काहींनी नाही. कुठल्याच आदेशात त्याबद्दल आम्हाला बांधणारं काही नव्हतं, आणि जिथे बांधणारं काही नसतं तिथे माणसं आपापल्या स्वभावावर जातात.

अंत्ययात्रेला वीस माणसं. हा आकडा पहिल्या आदेशापासून होता. आमच्या इमारतीत एक काका गेले, करोनाने नव्हे, हृदयाने. मुलगा परदेशात. वीसची यादी करायला बसलो तर अठराच झाले, कारण बाकीच्यांना जिल्ह्याबाहेरून यायला पास लागत होता. पाससाठीच्या कारणांत मृत्यू होता, पण नातं कुठवर मोजायचं हे मंजूर करणाऱ्यावर. पुतण्याला मिळाला, मानलेल्या भावाला नाही. काकांच्या आयुष्यातला सगळ्यांत जवळचा माणूस तो मानलेला भाऊ होता. नातं रक्ताचं आणि कागदाचं असेल तरच ते मोजता येतं. ज्याने चाळीस वर्षं शेजारी बसून चहा घेतला त्याला कुठल्या रकान्यात बसवणार, हा प्रश्न खरोखर अवघड आहे, आणि मी मंजुरी देणाऱ्या बाबूंना पूर्ण दोष देत नाही. मला एवढंच वाटतं की फॉर्ममध्ये एक रिकामी ओळ हवी होती. 'तुमचं नातं तुमच्या शब्दांत.' बस.

त्या वर्षी आषाढीची वारीही एसटीने गेली. आळंदीहून आणि देहूहून पादुका बसमध्ये, सोबत वीस-वीस माणसं, ३० जूनला. १ जुलैला एकादशी. माझे सासरे वारकरी होते. ते असते तर त्यांनी ते मान्य केलं असतं, असं मला वाटतं. लाखोंनी त्या साथीत एकत्र चालू नये हे वारकऱ्यांनीच समजून घेतलं. त्यांच्याशी सरकार आधी बोललं होतं, दिंडीवाल्यांचं ऐकलं होतं. म्हणून तो निर्णय जड असूनही लोकांनी पाळला. बोलून केलेला नियम आणि काढून पाठवलेला नियम यांत काय फरक पडतो, हे त्या एका उदाहरणात पुरेसं दिसतं.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, राज्याचे 'ब्रेक द चेन' नावाचे निर्बंध आले तेव्हा आदेश लिहिणाऱ्यांचा हात बसला होता. बारीक तपशील होते. पण लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत, मोडलं तर पन्नास हजार दंड. किराणा सकाळी ७ ते ११. चार तासांत सगळं शहर वाण्याच्या दारात, जी गर्दी टाळायची तीच. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने मला तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, दिवसभर उघडं ठेवायला द्या, एकेक माणूस येईल." त्याला कुणी विचारलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने १८९७ च्या कायद्यावर २८६ वा अहवाल दिला. कायदा अपुरा आहे, तो सुधारा किंवा नवा करा, आणि साथीसाठी आधीच आराखडा तयार ठेवा, असं त्याचं म्हणणं आहे. त्याच वर्षी जुलैपासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, १८८ चं २२३ झालं, जमावबंदीचं १४४ आता १६३ आहे. आकडे बदलले. नव्या कायद्याचा मसुदा जेव्हा कुणी लिहायला घेईल तेव्हा त्यात काय असावं, हे मी सांगू शकते, कारण मी ते आदेश लोकांना वाचून दाखवले आहेत. आदेश मराठीत आणि त्याच दिवशी निघावा. त्याच्याखाली प्रश्न विचारायचा एक नंबर असावा, आणि आलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवसांत सगळ्यांना दिसेल असं लेखी द्यावं, म्हणजे पोलिसाच्या हातात आणि बाईच्या हातात एकच कागद राहील. एकट्याने, अंतर राखून, घराजवळ पायी चालण्यावर बंदी घालता येऊ नये. घरी जायला निघालेल्याला आधी गाडी, मग बंदी. कुठल्याही सोसायटीला सरकारपेक्षा कडक नियम करता येऊ नये. आणि आदेशावर सही होण्याआधी तो एका गिरणीवाल्याला, एका वॉचमनला, एका पोळ्यांच्या मावशींना आणि मजूर अड्ड्यावरच्या एका माणसाला वाचून दाखवावा. संध्याकाळपर्यंत होईल एवढंच ते काम आहे.